पांढऱ्या साडीचा घेर

कोपरखैरणे (बोनकोडे गावठाण)
२० एप्रिल २०२४

क्रांतीताईंना कडक जयभीम. सध्या इथे सगळंच कडक आहे, जयभीम तेवढा कशाला मऊ ठेवायचा?

गंगारामभाऊंचा टेम्पो परवा वाशी मार्केटला लागला. आंब्याच्या दोन पेट्यांबरोबर तुम्ही पाठवलेलं गाठोडंही पोचलं. पेट्या तुमच्या भावाने उचलल्या, गाठोडं मी. "आधी पेटी फोड," आकाश म्हणाले. मी आधी गाठ सोडली. दहा वर्षांच्या संसारात कोणाचा जीव कशात आहे हे एवढ्यावरून कळावं.

ताई, काय कपडे आहेत! आईंचं हिरवं लुगडं, पुढे गाठ मारायची दोन पोलकी आणि तुमचं ते फुग्याच्या बाह्यांचं झंपर, ज्यात तुम्ही वक्तृत्वात दुसरा नंबर काढला होता. तुम्ही त्यांना चिंध्या म्हणता. इथे माझ्या शिवणाच्या धंद्यात व्हिंटेज म्हणतात. जुनं म्हटलं की दारात बोहारीण येते आणि व्हिंटेज म्हटलं की गिऱ्हाईक येतं, फरक एवढाच. आमच्या घरमालकीण पुतळाकाकींना मात्र हा फरक मान्य नाही. गॅलरीत वाळत घातलेलं बघून खालून ओरडल्या, "भांडी नाय घेतलीस गो यांच्यावर? एक टोप तरी आला असता!"

मुलींच्या शाळा सुटल्या. आमू नऊ वर्षांची, त्यामुळे तिला सगळं कळतं. मैत्री सहाची, त्यामुळे तिला आमूपेक्षा जास्त कळतं. सकाळी डोळे उघडल्यापासून "आई, बोअर होतंय." वरची गच्ची अशी तापते की दुपारी घरात पापड भाजावेत. मी गॅलरीत ओली चादर बांधते आणि तिच्या आडोशाला दोघी तुमचं गाठोडं अंगावर घालून मिरवतात. आमू तुमचं झंपर चढवून "अध्यक्ष महोदय" करते. मैत्री आईंचं लुगडं गुंडाळून आजी होते आणि हुबेहूब ओरडते, "कोंबड्या झाकल्या काय गो?"

आणि ऐका. गाठोड्यात तळाला एक पांढरी सुती साडी निघाली. बोटभर निळा काठ, घड्यांवर पिवळी पडलेली. लिंबू लावून, ऊन दाखवून मी तिला दुधासारखी केली. असलं सूत आता मिळत नाही. तिचं काय करणार ते आत्ता सांगत नाही. बुद्धपौर्णिमा येतेय आणि दोन्ही मुलींना जमिनीवर आडवं पाडून मापं घेतलीत, एवढंच सांगते.

हे पत्र आईंना मोठ्याने वाचून दाखवा. फोनवर म्हणे त्यांना माझा आवाज कानात कापूस घातल्यासारखा येतो. पत्र वाचलं की मात्र सगळं ऐकू येतं.

तुमची
शुभदा


तळेकोंड, ता. मंडणगड
२८ एप्रिल

शुभदा,

जयभीम. पत्र वाचून दाखवलं. अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं. दुसऱ्या नंबरापाशी आवाज जरा उतरवला. पहिला नंबर सरपंचाच्या पोरीला दिला होता, हे आणखी एकदा नोंदवून ठेवते.

चिंध्या त्या चिंध्याच. घराची कौलं उतरवून पत्रे घालायचं चाललंय, त्यात आईची पेटी पायात येत होती. म्हटलं, आहे की आपली वहिनी, जुन्याची भुकेली.

पण एक घोटाळा झालाय. आई एरवी पत्र ऐकता ऐकता पेंगते. पांढऱ्या साडीचं आलं आणि उठून बसली. "कंची पांढरी?" मी परत वाचलं. निळ्या काठापर्यंत. मग तिने पेटी पुढ्यात ओढून घेतली आणि एकेक कपडा काढून रिकामी केली. ती तिच्या लग्नातली साडी, शुभदा. मला ठाऊक होतं तसं, पण जन्मात ती नेसलेली मी तरी पाहिली नाही. पेटीत पडून होती, बाकीच्यांबरोबर तीही बांधली गेली. मी थाप मारली, "शुभदाकडे धुवायला पाठवलीय." तर म्हणाली, "गंगारामच्या हाती मागव." तेव्हापासून टेम्पोचा हॉर्न वाजला की विचारते. पौर्णिमेला नेसायची असेल म्हातारीला. तेवढी एक परत धाड. बाकी सगळं तुझं.

मुलींच्या मापाचं आई विसरली, मी आठवण करून दिली नाही. तू काही कात्री लावली नसशीलच इतक्यात. तुझं सगळं सावकाश असतं.

आपल्या मातोश्री श्रीमती चांगुणाबाईंची प्रकृती ठीक. उन्हाने जेवण थोडं उतरलंय. कोंबड्या वेळेवर झाकल्या जातात, मैत्रीला कळव.

क्रांती


कोपरखैरणे
५ मे

क्रांतीताई,

जयभीम. उत्तराला उशीर झाला. मैत्रीच्या अंगावर घामोळं उठलंय, आमूच्या डोक्यात भरतनाट्यम्. इमारतीखाली खेळू देत नाहीत. गाड्यांना चेंडू लागतो म्हणे. मुलांना ऊन लागतं, त्याचं काही नाही. रोज संध्याकाळी दोघींना घेऊन खाडीपर्यंत चालत जाते. परवा मैत्रीने विचारलं, "आई, खाडी समुद्राची कोण लागते?" आमू म्हणाली, "आत्या."

साडीचं म्हणाल तर मिळाली, म्हणजे आहे. दोन ठिकाणी विरली होती, तशी परत पाठवणं बरं दिसेना, म्हणून वाशीला रफूला टाकली. आता रफूवाला मतदानाला त्याच्या गावी गेलाय. लोकशाही एवढी बळकट झालेली मी याआधी पाहिली नव्हती. आला की लगेच धाडते. आईंना वाचून दाखवताना हा रफूवाल्याचा भाग जरा सावकाश वाचा.

पौर्णिमेसाठी मुलींना बाजारातूनच साधे पांढरे फ्रॉक आणले. विशेष काही नाही. आमू विचारते, "आत्याला फ्रॉकचं का नाही सांगायचं?" वकील होणार आहे बहुतेक. बाहेरगावच्या कॉलेजात घालू.

जेवण उतरलंय म्हणजे किती? भाकरी खातात का? तुम्ही एरवी चार पानं लिहिता, या वेळी आईंना दोनच ओळी आल्या.

शुभदा


तळेकोंड
११ मे

शुभदा,

हे पत्र मी आईला वाचून दाखवलेलं नाही. तूही आकाशला आत्ताच दाखवू नकोस.

आईच्या पोटात गाठ आहे. शिमग्यानंतर महाडला नेलं होतं, तेव्हाच कळलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन सोसायला अंगात काही शिल्लक नाही. तिने मला बाबांच्या फोटोपुढे उभं केलं. सिताराम मास्तरांपुढे मी अजून खोटं बोलत नाही हे तिला माहीत आहे. म्हणाली, "आकाशला आत्ता कलवायचा नाय. पोरींची सुट्टी नासंल. आंबं सरल्यावर येतील तवा येतील." म्हणून मी तुला ऊन, जेवण, कोंबड्या असलं लिहीत राहिले. कोंबड्या गेला महिनाभर मीच झाकते.

आता साडीचं. ती तिला पौर्णिमेसाठी नको आहे. परवा मी अंग पुसत होते तेव्हा म्हणाली, "माजी लग्नाची पांढरी घालून मला न्या. त्या साडीवर मी या घरात आले, त्याच साडीवर जाईन." नवं कापड आणू नका म्हणाली. एवढंच मागितलंय तिने. मला आठवतंय तेव्हापासून तिने काही मागितलेलं मला आठवत नाही. साधं मीठसुद्धा जेवताना उठून स्वतः घेते.

आणि तुला हेही सांगते. ते गाठोडं मी तिला विचारून पाठवलं नव्हतं. ती पलीकडे निजली होती आणि मी पेटी उपसली. तिला काय विचारायचं, जुनंच तर आहे, असं मनात आलं होतं.

रफू राहू दे. विरलेली, फाटलेली, जशी असेल तशी गंगारामकडे दे. तो मंगळवारी मार्केटला आहे.

क्रांती


कोपरखैरणे
१४ मे

ताई,

साडी नाही.

रफूवाला नाही. बाजारातले फ्रॉक नाहीत. तुमचं पहिलं उत्तर यायच्या आतच मी साडी कापली होती. अंब्रेला घेराचे दोन फ्रॉक. तुम्हाला वाटलं माझं सगळं सावकाश असतं. कात्री हातात आली की नसतं.

तुमचं पत्र आलं तेव्हा मुली पुतळाकाकींकडे टीव्ही बघत होत्या. मी दार लावून मैत्रीचा फ्रॉक उसवायला घेतला. म्हटलं, तुकडे परत जोडू, काठ तर शाबूत आहे. पण अंब्रेला कट तिरका असतो ताई. लादीवर सगळे तुकडे मांडले, गोल गोल कापलेले. कुठूनही लावले तरी त्यांची साडी होईना. मधल्या फटींत लादी दिसत राहिली. चिंध्यांची पिशवीही पालथी केली. त्यातून काही बोटभर पट्ट्या निघाल्या, बाकीच्यांनी मी आठवड्यापूर्वी ओटा पुसला होता.

मैत्री मागे येऊन कधी उभी राहिली कळलं नाही. बराच वेळ बघत होती. मग विचारलं, "माझा फ्रॉक मेला का?"

तिच्यासमोर बसून पुन्हा शिवला.

जुन्या कपड्यांवर माझं प्रेम आहे असं मी लोकांना सांगत फिरते. प्रत्येक कपड्यामागे एक माणूस असतो, असंही एका बाईला चढ्या भावात सांगितलं होतं. आणि घरच्या म्हातारीच्या कपड्याला, हा कुठला, एवढं विचारलं नाही. पत्र टाकलं असतं तर आठवड्यात उत्तर आलं असतं.

तुम्ही सांगाल ते करते. आकाशना सांगितलंय, तुमचा शब्द मोडून. जिन्यात जाऊन बसलेत. मुली विचारतात, बाबा जिन्यात का जेवतात.

शुभदा


तळेकोंड
१७ मे

शुभदा,

पत्र मिळालं. कामाचं तेवढं लिहिते.

बुधवारी गंगाराम परत येणार हे आईला माहीत होतं. सकाळी तिने खाट दाराकडे फिरवून घेतली. टेम्पो आला. त्याने रिकामी खोकी उतरवली, पाणी प्यायला, तुझं पाकीट माझ्या हातात दिलं आणि गेला. आई खोकी मोजल्यासारखी बघत होती. मग म्हणाली, "फुडच्या खेपंला येल."

तिला सांगितलेलं नाही. तूही सांगायचं नाहीस. वाशीला मिळेल तिथून पांढरी सुती साडी आण, निळ्या काठाची. दहा वेळा धू. मऊ कर. तिला आता दिसत नाही फारसं. बोटांचं काय करायचं ते बघू.

ते दोन फ्रॉक घरीच ठेव.

निघा. सुट्टी नासू दे.

क्रांती


कोपरखैरणे
४ जून

क्रांतीताई,

जयभीम. आईंचं पुण्यानुमोदन आटोपून काल पोचलो. घरात पाऊल टाकलं आणि आमूने बादलीत पाणी सोडलं, न सांगता. पंधरा दिवसांत पोरगी थोराड झालीय. मैत्री लुगडं गुंडाळून आजी होत नाही आता. ते तिने घडी करून माझ्या उशीखाली ठेवलंय.

तळेकोंडला आपण दोघी एकमेकींशी मीठ आणि चहापत्तीपलीकडे बोललो नाही. म्हणून लिहिते. एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही.

मी आणलेली साडी आईंच्या हातात दिली तेव्हा तुम्ही शेजारी होतात. त्यांनी चिमटीत धरून पाहिली, "ब्येस हाय" म्हणाल्या आणि उशाशी ठेवायला सांगितली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. दोघींना वाटलं, चाललं.

पौर्णिमेला तुम्ही विहारात खीर वाटायला गेलात. आकाश आणि आमू तुमच्याबरोबर. मी चुलीपाशी होते. फ्रॉक घरी ठेवले होते ताई, शपथ. पण मैत्रीने तिचा दप्तरात कोंबून आणला होता. पौर्णिमेसाठी शिवलाय तर पौर्णिमेला घालायचा, तिचं बरोबरच होतं. तो घालून ती आजीला दाखवायला गेली. मी धावले तोवर आईंच्या हातात काठ आला होता.

बोट थांबलं. मग पुढे सरकलं. ताई, त्यांनी मैत्रीला हळूहळू गोल फिरवत अख्खा घेर हातातून काढला, पहिल्या शिवणीपासून परत त्याच शिवणीपर्यंत. मैत्रीला खेळ वाटला. ती पावलं मोजत फिरत होती. मी दारात उभी. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घेर चांगला काडलाय तुज्या आयसनं."

मग काठ मुठीत धरून निजल्या. मैत्री तशीच बसून राहिली. पायाला मुंग्या आल्या तरी उठली नाही. "आजीने धरलंय ना," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या आणि आपण माझी दुकानातली साडी त्यांच्यावर घातली. दहा वेळा धुतलेली. तरी तिचा नवा वास येत होता. तुम्हालाही आला असणार.

घेर चांगला काढलाय म्हणाल्या, म्हणजे त्यांनी माफ केलं ना? तुम्ही त्यांची लेक. खरं सांगा. मी हे वाक्य रात्रंदिवस घोळवतेय आणि ते दर वेळी निराळं ऐकू येतं.

शुभदा


तळेकोंड
८ जून

शुभदा,

जयभीम. गंगारामची ही या हंगामातली शेवटची खेप. आंबे सरले, चार डागी तेवढे पेटीत आहेत. मुलींना आमरस कर.

तू खरं विचारलंस. दोन दिवस थाप जुळवत होते, जुळली नाही. या उन्हाळ्यात आपण दोघी मिळून पुष्कळ बोललो खोटं. माझा साठा संपला.

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहारातून आले तेव्हा आई जागी होती. तू अंगणात भांडी घासत होतीस. मला जवळ बोलावून म्हणाली, "पोरींना कोन बोलू नका. शुभदालाबी बोलू नको. तिला ठाव नवता." मी हो म्हटलं. मला वाटलं, झालं. मग तिने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाली, "पन मला ती पायजे व्हती."

तिचं शेवटचं पुरतं वाक्य तेच.

ह्यात माफी आहे की नाही हे मला सांगता येत नाही. दोन्ही वाक्यं तिचीच, आणि पहिलं तिने आधी सांगितलं, एवढं मला माहीत आहे. पहिलं तू घे. दुसरं माझं. पेटी मी उघडली होती.

माझा तुझ्यावर राग आहे. लपवत नाही. विहिरीवर, चुलीपाशी, कोंबड्या झाकताना अचानक येतो. पण तू लादीवर तुकडे मांडून बसलेलीस तेही डोळ्यांपुढे येतं आणि मग तो धड टिकत नाही.

काल वाडीत बोहारीण आली. स्टीलची परात दाखवत होती, चांगली जड. मी तिला रिकामी परत पाठवलं. चिंध्या म्हणणारी बाई हातात आईचं फाटकं पोलकं धरून म्हणाली, "नाही हो, घरात जुनं काहीच नाही."

शुभदा, या गाठोड्यात एकच कपडा आहे. आईच्या उशीच्या अभ्र्यात सापडला. तिने पेटी रिकामी केली त्या दिवशी तिला साडी मिळाली नाही, हे मिळालं होतं. तळाच्या कागदाखाली राहिलेलं, म्हणून माझ्या हातून सुटलेलं. तिचं लग्नातलं पांढरं पोलकं. एवढंसं आहे की आधी मला वाटलं मैत्रीचंच काहीतरी मागे राहिलं. इतकी लहान होती ती तेव्हा. तिच्याबरोबर द्यायला हवं होतं, पण सापडलं तेव्हा ती गेलेली होती, आणि नंतर राखेबरोबर इथल्या खाडीत सोडायला माझा हात उचलला नाही.

आमूला आणखी चार-पाच वर्षांनी येईल. तोवर तुझ्याकडे ठेव. दर उन्हाळ्यात एकदा ऊन दाखव. लिंबू लावू नकोस, पिवळं झालंय ते पिवळं राहू दे. सैल करू नकोस, बाह्या काढू नकोस. तिला बसलं तर बसेल, नाही बसलं तर नाही.

पण या खेपेला थांब. कापू नकोस.

तुझी
क्रांतीताई